त्या घराचा कारभार कोण पाहते?

वाचकहो, अशी एक संध्याकाळ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ज्वारीची काढणी चालू आहे, घरची सगळी माणसे रानात आहेत आणि दिवस मावळता मावळता फाट्यावर एसटीतून लेक उतरते. बरोबर जावई नाही. हातात एक पिशवी, कडेवर लेकरू. आई विचारते, "अगं, निरोप नाही, काही नाही, अशी कशी आलीस?" लेक काही बोलत नाही. मोरीत जाऊन तोंड धुते. रात्री भाकरी थापताना बाही वर सरकते आणि आईला दंडावरचा काळानिळा वळ दिसतो.

पुढचे आपल्याला तोंडपाठ आहे. चार दिवस लेक राहते. पाचव्या दिवशी गावात कुजबुज सुरू होते. धाकटीचे जमायचे असते. आठव्या दिवशी भावकीतली चार माणसे आणि सासरकडची चार माणसे ओसरीवर बसतात. चहा होतो. जावयाला दोन शब्द सुनावतात, लेकीला चार सुनावतात आणि ती परत नांदायला जाते. दिल्या घरी सुखी राहा म्हणून सगळे हात झटकून मोकळे होतात.

अशा बैठकीत मीही बसलो आहे. मुरुडच्या परिसरातल्या एका गावात सोयाबीनच्या बियाण्याची उगवण चाचणी दाखवायला गेलो होतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात कसे ठेवायचे, किती उगवले तर पेरायचे, हे सांगून झाले आणि निघायच्या बेतात असताना घरमालकाने थांबवले. घरात असाच प्रसंग होता. "साहेब, तुमचं अक्षर चांगलं आहे, तेवढा कागद लिहून द्या." मी लिहून दिला. यापुढे नवऱ्याने मारहाण करू नये, बायकोने उलट बोलू नये, माहेरच्यांनी सारखे येऊ नये, अशी त्यात कलमे होती. खाली साक्षीदार म्हणून मी सहीही केली. जेमतेम दीड महिन्याने ती मुलगी हात मोडून दवाखान्यात दाखल झाली.

पुढे ती एका संस्थेच्या निवासगृहात राहिली. तिच्या वडिलांबरोबर मी तिला भेटायला गेलो, तेव्हा तिथल्या अधीक्षिकेने तो कागद पाहायला मागितला. वाचून झाल्यावर त्यांनी मला एवढेच विचारले, की या कागदात त्या मुलीला काय हवे होते ते कुठे लिहिले आहे? लिहिलेले नव्हते, कारण तिला कोणी विचारलेच नव्हते. ती सगळा वेळ आत चुलीपाशी होती. शंभर दाण्यांची परीक्षा घ्यायला शिकवणारा मी माणूस. एका जिवाच्या बाबतीत मात्र न पाहताच पेरणीची शिफारस करून मोकळा झालो होतो.

तेव्हापासून अशा संस्था चालवणाऱ्या माणसांकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो. त्यांचे काम नेमके काय असते, कोणते निर्णय त्यांना रोज घ्यावे लागतात, हे आपल्या घरांतून कोणाला फारसे ठाऊक नसते. ठाऊक नसल्यामुळे एक तर आपण त्यांना घर मोडणाऱ्या बायका म्हणतो, नाही तर सगळे काही संपल्यावर, फार उशिरा, त्यांच्या दाराशी जातो.

अंबाजोगाईचे उदाहरण

फार लांब जायला नको. मुरुडच्या लोकांचे अंबाजोगाईला दवाखान्यासाठी, देवीच्या दर्शनासाठी जाणेयेणे असतेच. तिथे डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ साली मानवलोक ही संस्था उभी केली. मराठवाडा नवनिर्माण लोकायत असे तिचे पूर्ण नाव. पाणी, जमीन, कोरडवाहू शेती हे तिचे काम आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्याच दशकात त्यांच्या पत्नी प्रा. शैला लोहिया यांनी मनस्विनी महिला प्रकल्प सुरू केला. नवऱ्याने टाकलेल्या, छळ सोसवेना म्हणून घराबाहेर पडलेल्या बायकांना आधार द्यायचा, हे त्याचे काम.

शैलाताई मूळच्या धुळ्याच्या, राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेल्या, महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या, लोकसाहित्याचा अभ्यास असलेल्या लेखिका. जात्यावर बाई काय गाते आणि चारचौघांत काय बोलते, यातले अंतर अशा अभ्यासकाला दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही. २०१३ साली त्या गेल्या. मला त्यांच्या कामातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की बाईचा प्रश्न आणि शेतीचा प्रश्न त्या घरात एकाच छपराखाली होता. टाकलेल्या बाईला पोटगी मिळेल तेव्हा मिळेल, तोवर तिने खायचे काय आणि राहायचे कुठे, हा प्रश्न आधी येतो. शेतीभातीची जाण असलेल्या माणसाला तो लवकर कळतो.

हा काळ ध्यानात घ्या. जून १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या नवविवाहितेचा मृत्यू झाला. लग्नाला चारच महिने झाले होते. माहेर आपल्या बीडचे. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे पुढे न्यायालयात वाचली गेली. पुण्याच्या न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने पुरावा पुरेसा नाही म्हणून त्याची सुटका केली. निकाल काहीही लागो, ती पत्रे वाचून महाराष्ट्रातल्या अनेक घरांची झोप उडाली. पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच उभा केला तो याच धगीतून. १९८३ साली दंडविधानात ४९८-अ हे कलम आले. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईत पोलिसांच्याच आवारात महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. त्यात बसणारी माणसे पोलीस नव्हती, समाजकार्य शिकलेल्या बाया होत्या. पुढे असे कक्ष राज्याच्या इतर जिल्ह्यांतही निघाले. १९८८ साली संगमनेरला ॲड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या साथीदारांनी परित्यक्तांची परिषद भरवली. तोवर टाकलेली बाई हा गावच्या चेष्टेचा विषय होता. तिचीही परिषद भरू शकते, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

आत काय चालते

आता अशा एखाद्या घराच्या आत जाऊ. पत्ता मी सांगणार नाही, आणि तो न सांगणे हेच तिथल्या कारभाऱ्यांचे पहिले काम आहे.

साधारणपणे अशा संस्थेत वर विश्वस्त असतात, कार्यवाह किंवा संचालिका असते, निवासगृहाची अधीक्षिका असते, समुपदेशक असतात, गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्या असतात, आणि एखादी वकीलबाई ठरलेल्या दिवशी येते. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात रात्री अकराला दार वाजते तेव्हा या सगळ्यांतली एकच बाई जागी असते. दार उघडायचे की नाही, हे तिने एकटीने ठरवायचे असते.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या नियमांत असे म्हटले आहे, की बाईने आधी रीतसर अहवाल नोंदवला नाही म्हणून निवासगृहाने तिला परत पाठवायचे नाही. दवाखान्यानेही उपचार नाकारायचे नाहीत. आणि बाईची इच्छा असेल तर ती इथे आहे हे निवासगृहाने कोणाला सांगायचे नाही, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तर नाहीच.

हे शेवटचे वाक्य लिहायला सोपे, पाळायला महाकठीण. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी जीप उभी राहते. नवरा असतो, चुलता असतो, आणि संस्थेला एके काळी देणगी दिलेला एखादा मोठा माणूसही असतो. "आमची सून तुमच्याकडे आहे, तिला फक्त दोन मिनिटं बाहेर बोलवा." त्या मोठ्या माणसाला नाही म्हणणे हे अधीक्षिकेचे काम नव्हे, ते संचालिकेचे काम. ती ते करू शकली नाही, तर खालच्या कोणालाच करता येत नाही. नेतृत्व हा शब्द आपण सभेत फार वापरतो. इथे त्याचा अर्थ फाटकापाशी उभे राहून, आवाज न चढवता, पुढच्या वर्षीच्या देणगीवर पाणी सोडणे, असा होतो.

कधी फाटकाशी नवरा नसतो, वडील असतात. रडत असतात. मुलीला घरी नेतो म्हणतात. अशा वेळी बाहेरच्याला वाटते, बापाला कसली अडकाठी? पण मुलीला आत एकटीला बसवून विचारतात, आणि ती म्हणते, "घरी गेले की चार दिवसांत मला पुन्हा तिकडंच पोचवतील." मग बापालाही बाहेर थांबवावे लागते. त्या बापाच्या जागी आपण स्वतःला ठेवून पाहावे. राग येईल. पण ओसरीवरच्या बैठकीत जे आपण विचारले नाही, ते इथे पहिल्या तासात विचारतात.

समुपदेशनाबद्दलही एक गैरसमज आहे, की ही मंडळी जोडपे समोर बसवतात आणि दोघांचे चुकले म्हणून समजूत घालतात. चांगल्या संस्थेत तसे होत नाही. न्यायालय समुपदेशक नेमते तेव्हा त्यासाठी जे नियम आहेत ते वाचून मी चकित झालो. त्या वादात ज्याचा काही स्वार्थ आहे किंवा जो दोहोंपैकी कोणाचा नातलग आहे, तो माणूस समुपदेशक होऊ शकत नाही. दोन्ही बाजूंनी लेखी हरकत नाही म्हटले तरच अपवाद. मी का मारले याची सबब नवऱ्याला तिथे सांगताच येत नाही. स्वयंपाक बिघडला, उलट बोलली, दारूच्या भरात झाले, यातले काहीही समर्थन म्हणून चालत नाही. पुन्हा असे करणार नाही, असे आधी लिहून द्यावे लागते. आपल्या ओसरीवरची बैठक या कसोटीला लावून पाहा. आठपैकी आठही माणसे बाद होतील, नववा कागद लिहिणारा मीही.

आणि सबबीचे म्हणाल तर, दुष्काळ आणि कर्ज यांची सबब मला तरी पटत नाही. पाऊस ताणतो तेव्हा सगळ्या शिवाराचे सोयाबीन जाते. हात काही सगळ्या घरांत उगारला जात नाही.

बाई परत नांदायला जाते का? पुष्कळ जणी जातात. संस्था त्यांना अडवत नाही. फरक एवढाच, की जाताना तिच्याकडे फोन करायची खूण ठरलेली असते, कागदपत्रांच्या प्रती संस्थेच्या कपाटात कुलपात असतात, आणि कार्यकर्ती पंधरा दिवसांनी, महिन्याने, तीन महिन्यांनी जाऊन येते. अशा भेटीला एकटीला पाठवायचे नाही, जाताना व आल्यावर नोंद करायची, हे वरच्यांनी ठरवून द्यावे लागते. ज्या संस्थेत ही शिस्त नाही तिथे कार्यकर्तीच एक दिवस मार खाते. आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. दिवसभर दुसऱ्यांची दुःखे ऐकून या मुलीही थकतात, रात्री दचकून उठतात, घरी लेकरांवर खेकसतात. त्यांना आठवड्यातून एकदा बसवून, कोणते प्रकरण जड जाते आहे ते विचारणे, वेळेवर सुट्टी देणे, हेही संचालिकेचेच काम.

पैशाचे रडगाणे मी लांबवत नाही. सरकारी अनुदान उशिरा येते हे आपल्याला शेतीच्या योजनांवरून माहीत आहेच. शिवाय योजनांची नावे बदलतात: अल्पमुदत निवासगृह झाले, स्वाधार झाले, २०२२ पासून केंद्राच्या नव्या रचनेत शक्ती सदन झाले. प्रत्येक वेळी नवे अर्ज, नवे नमुने. तेवढ्या काळात पंचवीस माणसांचे पीठ-मीठ थांबत नाही आणि कर्मचाऱ्यांचे पगार मात्र थांबतात.

आपल्याला काय करता येईल

महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, लग्न झालेल्या सुमारे चारांमागे एका बाईने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. म्हणजे हे दुसऱ्याच्या वाड्यातले प्रकरण नव्हे.

लेक अशी आली तर पहिल्या रात्री काही ठरवू नका. तिला जेवू घाला, झोपू द्या. मार लागला असेल तर सकाळी सरकारी दवाखान्यात न्या आणि कसे लागले ते खरे सांगा; पाय घसरून पडली असे सांगू नका, कारण तो कागदच पुढे बोलतो. दहा माणसे जीपमध्ये घालून तिच्या सासरी जाऊ नका. लेकरू मागे राहिले असेल तर हिसकावून आणायच्या भरीला पडू नका. मुलांच्या ताब्याबद्दल न्यायालय तात्पुरता आदेश देऊ शकते.

१८१ हा महिलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे. जिवावरचे असेल तर ११२. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्र असते. ही योजना २०१५ सालची. तिथे पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय, दवाखाना, पोलीस आणि वकील यांची मदत एकाच जागी मिळावी अशी ती रचना आहे. २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. बाईच्या सांगण्यावरून तो घटना अहवाल तयार करतो. नोंदणी झालेल्या संस्थेलाही हा अहवाल लिहिण्याचा अधिकार आहे. शेजाऱ्यानेही कळवले तरी चालते; प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर कायद्याने कसलीही जबाबदारी येत नाही. त्यामुळे भिंतीपलीकडून ऐकू येत असेल आणि आपल्याला काय करायचे म्हणून रेडिओचा आवाज वाढवत असाल, तर तसे करू नका.

न्यायालयाकडून मारहाण थांबवण्याचा आदेश मिळतो, खर्चाची रक्कम मिळते, स्त्रीधन परत मिळते. पण सासूबाई-सासरे वाचत असतील तर त्यांनी एक कलम विशेष ध्यानात ठेवावे. ज्या घरात ती नांदली त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो. कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. जुने ४९८-अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या क्रमांकांनी आहे. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. बाईला उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यांचा क्रमांक १५१००.

लग्नाच्या वेळी करण्यासारखी एक गोष्ट सांगतो, आवडली नाही तरी ऐका. लग्नपत्रिका, लग्नाचे दोन फोटो, दागिन्यांच्या पावत्या, लेकीच्या आधारची व शाळेच्या दाखल्याची प्रत एका पाकिटात घालून माहेरच्या कपाटात ठेवा. यात अशुभ काही नाही. बियाण्याची पिशवी आणि पावती आपण पीक निघेपर्यंत जपून ठेवतोच की.

आणि सातबारा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून दिला, कोणी कायद्याने सांगितले म्हणून नव्हे, आपणहून. निवासगृहांतल्या बाया मला ज्या भेटल्या त्यांत स्वतःच्या नावे जमीन असलेली बाई मी अजून पाहिली नाही. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, नुसते माझे पाहणे आहे.

संस्था चांगली की नाही हे कसे ओळखावे, असे एका वाचकाने मला मागे विचारले होते. तिथे बाईकडून पैसे मागतात का ते पाहा. तिला एकटीला बसवून विचारतात का ते पाहा. महिन्यात संसार जुळवून देतो अशी हमी कोणी देत असेल तर काढता पाय घ्या. आणि तिथली मुख्य बाई तुम्हाला, म्हणजे बापाला, भावाला, पहिल्याच दिवशी सगळे आत जाऊन पाहू देत नसेल, तर रागावू नका. ती जागा बरोबर आहे असे समजा.

त्या हात मोडलेल्या मुलीचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचाराल. ती नांदायला गेली नाही. हात थोडा वाकडाच जुळला आहे. शिवणाचे काम करते, मुलगा शिकतो आहे. रस्त्यात भेटली तर नमस्कार करते. त्या कागदाबद्दल ती कधी बोलली नाही, आणि मीही विषय काढलेला नाही.

यंदा ज्वारी बरी उतरली असेल आणि अशा एखाद्या घराला एखादे पोते द्यायचे मनात आले, तर आधी फोन करून त्यांच्या कार्यालयात पोचवा, निवासगृहाच्या दाराशी ट्रॅक्टर नेऊ नका. फोटो काढायचा आग्रह धरू नका. आणि पोते भरण्याआधी ज्वारी चाळून घ्या. तिथे निवडायला बसायला कोणाला सवड नसते.